बदल केलेलं पिस्तूल परत करायला वाट हवी

जळगाव-धुळ्यात परवान्याचं शस्त्र कोणाकडे असतं, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. सावदा-रावेरकडचा केळीचा व्यापारी, जळगावचा सराफ, जिनिंगचा मालक, सातपुड्याच्या पायथ्याशी रानडुकरांपासून पीक राखणारा शेतकरी, बँकेच्या दारातला बारा बोरवाला रखवालदार आणि काही राजकारणी. यांतल्या पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवाल्यांबद्दल मला लिहायचं आहे. त्यातही ज्यांनी आपल्या शस्त्रात कारखान्याबाहेर काही बदल करून घेतले आहेत, त्यांच्याबद्दल. असं शस्त्र तपासणीसाठी किंवा दोष काढण्यासाठी बनवणाऱ्याकडे निर्धास्तपणे परत जावं, अशी सोय आपल्याकडे नाही. ती असायला हवी, आणि ती उभी करायला फार काही लागत नाही, असं माझं म्हणणं आहे.

माझी सगळी नोकरी वरणगावच्या आयुध निर्माणीत झाली. १९६४ साली उभा राहिलेला हा कारखाना लहान शस्त्रांची काडतुसं बनवतो. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आयुध निर्माण्यांच्या सात कंपन्या झाल्या, तेव्हापासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये आहे. मी तपासणीच्या बाजूला होतो. काडतुसाच्या तपासणीत एक शिस्त हाडात मुरते. दोष सापडला तर तो त्या एका नगाचा मानायचा नाही, लॉटचा मानायचा. नमुना डागून बघायचा, नळीतला दाब मोजायचा, गोळीचा वेग मोजायचा. नमुना नापास झाला की लॉट अडतो. त्यातली बाकीची हजारो काडतुसं दिसायला कितीही चकचकीत असोत. त्या लॉटवर नंबर असतो, आणि नंबर असतो म्हणूनच माल कुठेही गेलेला असला तरी परत बोलावता येतो. रिकॉल म्हणतात तो हाच. विकून झालेल्या मालात दोष असल्याचं बनवणाऱ्याला कळलं, तर त्याने तो स्वतःहून, स्वतःच्या खर्चाने परत मागवायचा.

निवृत्तीनंतर ओळखीतले परवानाधारक सल्ला विचारायला घरी येऊ लागले. परवाना कसा मिळेल, हे विचारायला आलेल्यांना मी चहा पाजून परत पाठवतो. पण ज्यांच्याकडे शस्त्र आहे आणि ज्यांना त्याची भीती वाटू लागली आहे, त्यांच्याशी मी तास-तास बोलतो.

असेच धुळे जिल्ह्यातले एक आप्पा आले. वय सत्तरीच्या आसपास, व्यवहार चोख, बत्तीस बोरचं पिस्तूल. ट्रिगर जड लागतो म्हणून त्यांनी कोणाच्या तरी ओळखीने एका मिस्त्रीकडून तो हलका करून घेतला होता. मिस्त्रीकडे शस्त्र दुरुस्तीचा परवाना नव्हता. पुढे एके दिवशी घरातच गोळी सुटली आणि फरशीत घुसली. सुदैवाने खोलीत दुसरं कोणी नव्हतं. आप्पांना पिस्तूल कारखान्याकडे पाठवून नीट तपासून घ्यायचं होतं. पण मला म्हणाले, "भाऊ, मिस्तरीनी ट्रिगर हलका करी दिना, आते कोणले दखाडू?"

त्याच सुमारास टेक्सासहून माझ्या चुलतभावाच्या मुलाचा फोन आला. तो तिकडे नेमबाजीच्या क्लबात जातो. त्याच्या पिस्तुलाच्या कंपनीने सुरक्षेच्या कारणासाठी ते मॉडेल परत मागवलं होतं. याने हौसेने दुसऱ्या कंपनीचा ट्रिगर बसवला होता, मुठीचं आवरण बदललं होतं, वर दुर्बिणीसारखं एक साइट लावलं होतं. त्याने विचारलं, "काका, आहे तसंच पाठवू की जुने भाग लावून पाठवू?" मी त्याला म्हणालो, "कंपनीच्या ग्राहक विभागाला फोन कर, काय काय बदललं आहे ते सगळं सांग आणि ते म्हणतील तसं कर." त्यांनी त्याला सांगितलं की मॅगझिन आणि काडतुसं पाठवू नका, वरून लावलेल्या वस्तू काढून ठेवा, कारखान्याचा नसलेला कुठला भाग आत आहे ते चिठ्ठीवर लिहा आणि मूळ भाग असतील तर सोबत द्या. पोराने तसं केलं. पिस्तूल दुरुस्त होऊन घरी आलं.

प्रश्न दोघांचाही एकच होता. पुतण्याचं काम एका फोनवर झालं. आप्पांना कोणाकडे जायला सांगावं, हे इतकी वर्षं या क्षेत्रात काढूनही मला सांगता येईना.

पिस्तुलाची सुरक्षितता एखाद्या बटणात नसते. ट्रिगर दाबल्यावर सिअर नावाचा छोटा भाग घोडा सोडतो, घोडा पिनवर आदळतो, पिन काडतुसाच्या बुडावर. सिअर आणि घोडा एकमेकांना किती धरून आहेत, स्प्रिंगा किती ताठ आहेत, पिस्तूल हातातून पडलं तर पिनला अडवणारा अटकाव वेळेवर जागेवर येतो की नाही, हे सगळं एकमेकांच्या हिशोबाने बसवलेलं असतं. त्यातला एक भाग घासला किंवा बदलला की बाकीच्यांचा हिशोब चुकतो. वरून काही दिसत नाही. पिस्तूल शंभर वेळा नीट चालतं आणि एकदा, कमरेवरून निसटून फरशीवर पडल्यावर, सुटतं.

हलका ट्रिगर हा काही मुळातच गुन्हा नव्हे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं त्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात ट्रिगरचा दाब किमान १००० ग्रॅम असावा लागतो. पंच वजन टांगून तो तपासतात. ते शस्त्र रेंजवर बाहेर निघतं, नळी सतत निशाणाकडे असते आणि आज्ञा झाल्याशिवाय त्यात काडतूस जात नाही. तो ट्रिगर बघून तसाच आपल्या कमरेच्या पिस्तुलाला करून घेणारा माणूस मात्र तेच पिस्तूल घेऊन गाडीत बसतो, लग्नात जातो, रात्री उशाशी ठेवतो.

परदेशातली उदाहरणं सांगतो, कारण या गोष्टी तिथे उघड झाल्या आहेत. २०१४ च्या एप्रिलमध्ये रेमिंग्टन कंपनीने आपल्या मॉडेल ७०० आणि मॉडेल सेव्हन या रायफली परत मागवल्या. २००६ ते २०१४ या काळात बनलेल्या ट्रिगरमध्ये जोडणीच्या वेळी चिकटद्रव्य जास्त लागलं होतं आणि त्यामुळे ट्रिगर न दाबता गोळी सुटण्याचा धोका होता. आठ वर्षांचं उत्पादन, आणि कारण चिकटद्रव्याचा जादा थर. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सिग सॉअरने पी-३२० या पिस्तुलासाठी मोफत सुधारणा जाहीर केली. विशिष्ट कोनात पडल्यावर ते सुटतं, असं चाचण्यांत दिसलं होतं. पिस्तूल ठरलेल्या निकषांत बसतं असं सांगतच कंपनीने ट्रिगरची रचना बदलून दिली. ब्राझीलच्या टॉरस कंपनीविरुद्धचा दावा तर आयोवा राज्यातल्या एका पोलीस अधिकाऱ्याच्या अनुभवातून उभा राहिला. संशयिताच्या मागे धावताना त्याचं पिस्तूल खाली पडलं आणि सुटलं. २०१५ मध्ये, दोष मान्य न करता, कंपनीने नऊ मॉडेलांबाबत तडजोड केली. या टॉरसची आता जिंदल समूहाबरोबर हरियाणात हिसारला भागीदारीची कंपनी आहे. वेबली अँड स्कॉटच्या नावाचं रिव्हॉल्व्हर उत्तर प्रदेशात बनतं. आपल्या आयुध निर्माणीने २०१४ साली महिलांसाठी 'निर्भीक' हे बत्तीस बोरचं हलकं रिव्हॉल्व्हर काढलं. म्हणजे नागरिकांसाठीची शस्त्रं बनवणारे आपल्याकडे वाढत आहेत. बनवणारे वाढले की कधीतरी, कुठल्या तरी लॉटमध्ये दोष निघणारच. त्यात कोणाची बदनामी नाही, कारखानदारीत हे होतं. दोष निघाल्यावर तो नग गाठायचा कसा, हे आधी ठरलेलं असावं लागतं.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. अमेरिकेत ग्राहकांच्या वस्तूंच्या सुरक्षेसाठी १९७२ चा कायदा आहे आणि त्यासाठी आयोगही आहे, पण बंदुका त्या आयोगाच्या अधिकाराबाहेर ठेवल्या आहेत. पाळण्याचा, खेळण्याचा रिकॉल तो आयोग करवू शकतो, पिस्तुलाचा नाही. शिवाय कोणाकडे कोणती बंदूक आहे याची देशव्यापी सरकारी नोंद ठेवायला तिथल्या १९८६ च्या कायद्याने मनाई आहे. त्यामुळे कंपन्या जाहिराती देतात, दुकानदारांना कळवतात आणि मालकाच्या कानावर पडेल अशी आशा धरून बसतात.

आपल्याकडे नेमकं उलट आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याने प्रत्येक शस्त्राला ओळखचिन्ह असणं सक्तीचं आहे. परवान्याच्या पुस्तकात बोर, बनावट आणि नंबर चढवलेला असतो. राष्ट्रीय शस्त्र परवाना नोंदणीत प्रत्येक परवानाधारकाला युनिक नंबर आहे. एखाद्या लॉटची शस्त्रं देशात कोणाकोणाकडे आहेत हे शोधायचं म्हटलं तर सरकारला ते बसल्या जागी कळू शकतं. अमेरिकेला हवी असूनही न मिळणारी गोष्ट आपल्या हातात आहे, आणि आपण ती फक्त परवाना कोणाचा संपला हे बघायला वापरतो.

कायद्याचा आधार नाही असंही नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २० नुसार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण धोकादायक किंवा असुरक्षित वस्तू परत मागवण्याचा आदेश देऊ शकतं. २०२२ मध्ये या प्राधिकरणाने मानकात न बसणारे प्रेशर कुकर ऑनलाइन विकणाऱ्या कंपन्यांना परत घ्यायला लावले. वाहनांसाठी तर मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम ११०-अ घातलं गेलं आणि १ एप्रिल २०२१ पासून रिकॉलचे नियम लागू झाले. त्याच वर्षी मे महिन्यात रॉयल एनफील्डने इग्निशन कॉइलच्या दोषासाठी २,३६,९६६ मोटारसायकली तपासणीला बोलावल्या. आमच्या खान्देशात बुलेटला सायलेन्सरपासून हँडलपर्यंत काय काय बदल केलेले असतात ते सगळ्यांना माहीत आहे. तरी बुलेटवाला शोरूममध्ये जाऊ शकतो. फार तर मेकॅनिक त्याला सायलेन्सरवरून बोलेल. कुकरला सोय आहे, बुलेटला सोय आहे. पडल्यावर गोळी सुटू शकते अशा वस्तूला मात्र कोणी ठरवून दिलेली पद्धत नाही.

आप्पांची भीती समजून घ्यायला शस्त्र कायदा उघडावा लागतो. कलम ५ नुसार परवान्याशिवाय शस्त्र बनवणं, विकणं, त्यात परिवर्तन करणं, दुरुस्त करणं, सगळ्याला मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या भंगाला किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे. कलम ६ नळी आखूड करणं आणि एका प्रकारच्या शस्त्राचं दुसऱ्या प्रकारात रूपांतर करणं याबद्दल आहे. बेकायदा कारखाने चालवणाऱ्यांसाठी ही शिक्षा योग्यच आहे. आमच्या चोपडा तालुक्याच्या हद्दीपलीकडे मध्य प्रदेशात उमर्टी आहे. तिथल्या गावठी कट्ट्यांनी शिरपूरपासून पुण्यापर्यंत किती घरं उद्ध्वस्त केली असतील. फेब्रुवारी २०२५ मध्ये चोपडा ग्रामीण पोलिसांचं पथक तिथे गेलं तेव्हा एका पोलिसाला पळवून नेण्यापर्यंत मजल गेली. पुढे त्यांची सुटका झाली. त्या भट्ट्या चालवणाऱ्यांवर कायद्याने कठोर व्हायलाच हवं. पण मुठीचं आवरण बदलणं, साइट बदलणं, ट्रिगर हलका करून घेणं आणि नळी कापणं या चार गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. सामान्य परवानाधारकाला त्यांतला फरक कोणी समजावून सांगत नाही. त्याला एवढंच कळतं की तोंड उघडलं तर परवाना जाईल, कदाचित गुन्हाही दाखल होईल. मग तो गप्प बसतो. पिस्तूल कपाटात राहतं, आणि नातवंडं त्याच खोलीत खेळतात.

उमर्टीच्या कट्ट्याला नंबर नसतो, लॉट नसतो आणि बनवणाऱ्याचं नाव नसतं. तो फुटला तर ज्याच्या हातात फुटला त्याचे पंजे जातात, विचारणारं कोणी नाही. परवान्याच्या शस्त्राला नंबरही आहे आणि जबाबदार कारखानाही. आत केलेला बदल लपवून ठेवला की ही जबाबदारी संपते. ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ८७ सांगतं की इजा झाली त्या वेळी वस्तूत फेरबदल केलेला असेल तर विक्रेत्यावर उत्पादन दायित्वाचा दावा लावता येत नाही. म्हणजे दोष मूळचा असला तरी मिस्त्रीचा हात लागलेला ग्राहक विक्रेत्यावरचा दावा गमावून बसतो. शिवाय कारखान्यातला कारागीर, आत काय केलं आहे हे माहीत नसताना, नवा निर्दोष भाग त्या घासलेल्या भागाशेजारी बसवेल. मग रिकॉल होऊनही धोका तसाच राहील.

शस्त्र परत पाठवायचं तर काय करावं, हे मी विचारायला येणाऱ्यांना सांगतो ते इथेही लिहितो. आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड मागे ओढून चेंबर रिकामं करा. हा क्रम उलटा झाला तर मॅगझिनमधलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये जातं आणि माणूस मात्र पिस्तूल रिकामं आहे असं समजून बसतो. चेंबर डोळ्यांनी बघा, बोटाने चाचपा, जमल्यास दुसऱ्या जाणत्या माणसालाही दाखवा. हे सगळं करताना नळी कोणाकडेही नसावी, बोट ट्रिगरजवळही नसावं. काडतुसं दुसऱ्या ठिकाणी, कुलपात. दोष खरंच आहे का हे बघायला पिस्तूल आपटून पाहणारे महाभाग मी पाहिले आहेत. तसं कधीही करू नका. त्या चाचण्या यंत्राला धरून, भिंतीआड करायच्या असतात. आतला भाग मूळचा बसवायचा म्हणून घरी उघडू नका, आणि ज्या मिस्त्रीने बदल केला त्याच्याकडे तर मुळीच परत नेऊ नका. लेझर, दिवा, चांदीची मूठ, म्यान अशा वरून लावलेल्या वस्तू काढून ठेवा. परत येताना त्या सोबत येतील याची खात्री नसते, आणि चांदीच्या मुठीवरून वडिलांच्या आठवणीचा वाद करण्यात अर्थ नाही. मिस्त्रीने काढलेले मूळ भाग जपून ठेवले असतील तर ते पुडीत बांधून त्यावर शस्त्राचा नंबर लिहा. काय बदललं, साधारण कधी बदललं, हे एका कागदावर लिहून त्याची प्रत ठेवा.

मग शस्त्र घेऊन परवानाधारकाने स्वतः अधिकृत शस्त्र विक्रेत्याकडे जायचं, परवान्याच्या पुस्तकासह. लेखी अधिकारपत्र न देता दुसऱ्याच्या हाती पाठवलं तर त्याच्याकडे विनापरवाना शस्त्र सापडल्याचं प्रकरण होऊ शकतं. ठाण्याला लेखी कळवून पोच घ्यायची. जिल्ह्यापुरता किंवा राज्यापुरता परवाना असेल तर हद्दीबाहेर नेण्याआधी परवानगी घ्यावी लागते, हे लोक विसरतात आणि इंदूरच्या रस्त्यावर अडकतात. पिस्तूल परत आल्यावर स्लाइड, नळी आणि सांगाडा यांवरचे नंबर परवान्याशी ताडून बघायचे. एखादा मुख्य भाग बदलून आला असेल तर त्याची नोंद त्याच आठवड्यात करून घ्यायची, नाहीतर पुढच्या नूतनीकरणाला नवीच भानगड.

हे सगळं मी आप्पांनाही सांगितलं. ते एका विक्रेत्याकडे गेले. बदल केलेलं आहे हे ऐकताच त्याने हात लावायला नकार दिला. एका कार्यालयात त्यांनी 'कंपनीकडे तपासणीला पाठवायचं आहे' असा अर्ज द्यायचा प्रयत्न केला, तर असा अर्जाचा नमुनाच नाही असं उत्तर मिळालं. अर्ज घेणाऱ्या कारकुनाची चूक नाही. नमुना खरोखरच नाही.

मग वाट कशी काढायची? सरकारकडे दोन वेळा अशा आहेत की जिल्ह्यातली शस्त्रं त्याच्या डोळ्यांसमोरून जातात. पहिली परवान्याच्या नूतनीकरणाची. २०१९ पासून परवाना पाच वर्षांचा झाला आहे, आणि नूतनीकरणाच्या वेळी शस्त्र दाखवावं लागतं. आज ही तपासणी म्हणजे नंबर वाचून खूण करणं. दुसरी वेळ निवडणुकीची. आचारसंहिता लागली की छाननी समितीच्या निर्णयानुसार शस्त्रं ठाण्यात जमा करून घेतली जातात. २०२४ च्या लोकसभेला जळगाव-रावेरचं मतदान १३ मेला होतं, धुळ्याचं २० मेला, आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा विधानसभा. एकाच वर्षात दोनदा कित्येक शस्त्रं ठाण्यांच्या कपाटांत जाऊन आली. त्या आठवड्यांत पोलीस दलाच्या शस्त्रागारातला एखादा जाणता आर्मरर तालुक्यावर बसवला, त्याने प्रत्येक शस्त्र मूळ अवस्थेत आहे का एवढं पाहिलं आणि नंबर कारखान्याच्या रिकॉल यादीशी ताडला, तर निम्मं काम तिथेच होईल. धुळ्यात राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक ६ आहे. शस्त्रं सांभाळणारी आणि ओळखणारी माणसं खान्देशाबाहेरून आणायची गरज नाही.

उरलेलं निम्मं काम भीती घालवण्याचं आहे. गृह विभागाने एक मुदत जाहीर करावी. तिच्या आत जो परवानाधारक स्वतःहून येऊन सांगेल की माझ्या शस्त्रात अमुक बदल आहे आणि मला ते मूळ स्थितीत आणायचं आहे, त्याच्यावर केवळ त्या बदलासाठी कारवाई होणार नाही. नळी आखूड केलेली, नंबर खोडलेला किंवा प्रकारच बदललेला असेल तर ही सवलत नको. बाकीचं शस्त्र ठाण्यात जमा होईल, पोच मिळेल, परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडे किंवा कारखान्याकडे जाईल आणि दाखला घेऊन परत येईल. खर्च बदल करून घेणाऱ्याने भरावा. दोष मूळचा असेल तर कारखान्याने भरावा.

या मागणीवर एक आक्षेप मला घरातूनच ऐकावा लागला. माझी सून शिक्षिका आहे. ती म्हणाली, "बाबा, पिस्तूल बाळगणारे मूठभर पैसेवाले. त्यांच्यासाठी सरकारने एवढा खटाटोप कशाला करायचा? परवानेच कमी करा." परवाने कमी व्हावेत, हे मलाही मान्य आहे. २०१९ मध्ये एका माणसाच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली ते चांगलंच झालं. लग्नात हवेत गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंतची कैद त्याच दुरुस्तीने आली, तेही बरं झालं. पण जे शस्त्र आज घरात आहे ते उद्या सकाळी नाहीसं होणार नाही. आणि ते सुटलं तर गोळी पैसेवाल्यालाच लागते असंही नाही. ती ड्रायव्हरला लागते, घरकामाच्या बाईला लागते, आईची पर्स उघडणाऱ्या लेकराला लागते. ज्याने परवाना घेतला त्याच्या सोयीसाठी मी हे मागत नाही. त्याच्या आसपास वावरणाऱ्या, ज्यांना पिस्तुलाचं काही माहीत नाही, त्यांच्या जिवासाठी मागतो आहे.

जुन्या परदेशी पिस्तुलांचा प्रश्न याहून अवघड आहे. नामवंत नेमबाज सोडले तर खासगी माणसाला कित्येक वर्षं परदेशातून पिस्तूल आणता येत नाही. त्यामुळे आजोबांकडून नातवाकडे आलेली वॉल्थर, ब्राउनिंग, वेबली अजून घराघरांत आहेत. नियमाप्रमाणे परवानाधारकाने सत्तरी गाठली किंवा पंचवीस वर्षं शस्त्र बाळगलं की ते वारसाच्या नावावर करता येतं. त्या वेळी वारसाची चौकशी होते, शस्त्राची होत नाही. किती हातांनी ते उघडलं, कोणी कुठली स्प्रिंग घातली, याचा पत्ता नसतो आणि परत मागवणारा कारखानाही कधीकधी उरलेला नसतो. अशा शस्त्राची तज्ज्ञाकडून तपासणी झाल्याशिवाय ते वारसाच्या नावावर चढवू नये. तपासणीत नापास झालं तर ते निकामी करून घ्यावं. वडिलांची आठवण म्हणून ठेवायचं तर निकामी पिस्तूलही आठवण म्हणून पुरतं.

जळगाव आणि धुळ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना आणि पोलीस अधीक्षकांना माझी विनंती आहे. मुंबईहून नवा नियम येईपर्यंत थांबू नका. पुढच्या निवडणुकीत शस्त्रं जमा होतील तेव्हा प्रत्येक तालुक्यावर एक आर्मरर बसवा आणि 'कारखान्याकडे तपासणीस पाठवणे' या अर्जाचा एक साधा मराठी नमुना छापून घ्या. आणि ज्यांच्या पिस्तुलात मिस्त्रीचा हात फिरला आहे त्यांना सांगतो, आजच मॅगझिन काढा, चेंबर रिकामं करा, काडतुसं वेगळ्या कुलपात टाका, आणि ते पिस्तूल तपासून होईपर्यंत कमरेला लावू नका. आप्पांनी आपलं पिस्तूल शेवटी ठाण्यात जमा केलं आहे. ते तिथेच पडून आहे, कारण पुढे कुठे पाठवायचं याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.